अडेनियम: अकरा महिने सांभाळल्यावर

घेतलं ते खोडावर भाळून. तळाशी रताळ्यासारखं फुगलेलं, वर चार आखूड फांद्या आणि टोकांना पाच पाकळ्यांची गुलाबी फुलं. देणाऱ्याने 'रोज थोडं पाणी घाला' असं बजावलं होतं. पहिल्या दोन महिन्यांतला सगळा मनस्ताप त्या सल्ल्यामुळे.

पानं पिवळी पडून गळायला लागली. तहानलं असेल, म्हणून मी पाणी वाढवलं. एका सकाळी खोड दाबून पाहिलं, तर एका अंगाला अंगठा रुतला, पिकल्या पपईत रुतावा तसा. उपटून पाहिलं, त्या बाजूची मुळं काळी पडून घाण वास मारत होती. आतला पांढरा, टणक गर लागेपर्यंत ब्लेडने कापत गेलो आणि जखम सुकायला आठवडाभर सावलीत तसंच ठेवलं, मातीशिवाय. झाडाला काही फरक पडला नाही! तेव्हा कळलं, ते खोड म्हणजे पाण्याची टाकी आहे.

हे झुडूप मूळचं सहाराच्या दक्षिणेचा पट्टा, पूर्व आफ्रिका आणि अरबस्तान इथलं. नावही येमेनमधल्या एडन बंदरावरून पडलेलं. तिकडे कोरडे महिने ते पानं टाकून खोडातल्या साठ्यावर काढतं. म्हणजे पानगळ हा आजार असेलच असं नाही. आता माझी परीक्षा एकच: खोड टणक असेल तर झाड झोपलंय, मऊ असेल तर सडतंय.

नंतर निम्मी जाडसर वाळू मिसळून नवी माती केली, दिवसभराचं ऊन दिलं आणि कुंडी तळापर्यंत सुकल्याशिवाय पाणी बंद. पाचव्या महिन्यात पुन्हा फुललं. वास मात्र नाही, त्या बाबतीत निराशा.

चीक गमतीत घेऊ नका. कण्हेरीच्याच कुळातलं झाड, हृदयावर परिणाम करणारं विष. आफ्रिकेत ते बाणांना लावत. छाटताना मी हातमोजे घालतो. रांगतं मूल किंवा कुंड्या कुरतडणारं मांजर असेल तर आणूच नका. गंमत म्हणजे कण्हेरीवरच्या पतंगाची हिरवीगार अळी हीच पानं चवीने खाते. डोक्यामागे दोन निळे डोळे रंगवल्यासारखे ठिपके, बोटाएवढी जाड. एका रात्रीत दोन फांद्या बोडक्या केल्या तिने. चिमट्याने उचलून टाकली, फवारणी केली नाही.

छाटलेली एक फांदी सहज म्हणून खोचली होती. ती जगली, फुललीही, पण बुंधा अजून पेन्सिलीएवढाच. फुगीर खोड हवं असेल तर बियांपासून वाढवलेलंच रोप मागा.

सध्या थंडीमुळे थोरलं पुन्हा निष्पर्ण झालंय. घरातले रोज विचारतात, मेलं का? मी खोड दाबून बघतो आणि झारी जागेवर ठेवतो.