परसबागेचं वेळापत्रक: मोबाइलमधलं ॲप की भिंतीवरचं कॅलेंडर?

कोल्हापूरजवळ कळंब्याकडं घर बांधलेल्या एका मित्रानं परवा विचारलं, "मागं पाचशे फूट जागा राहिलीय, भाजी लावावी म्हणतोय. कधी काय टाकायचं आणि कधी काढायचं ह्याचं एखादं ॲप असंल तर सांग की." नाव सांगून मोकळं व्हायचं, तर मी अर्धा तास बोलत बसलो. २०२४ आणि २०२५ अशी दोन वर्षं मी ॲप वापरलंय. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर आईच्या खुणा मात्र त्याआधीपासून आहेत. तेव्हा दोन्हींबद्दल जे वाटतं ते सांगतो. तुमची बाग आणि तुमचं घर वेगळं असेल, हे धरून वाचा.

मधे काही महिने एक्सेलही झालं. भाच्यानं रंगीबेरंगी तक्ता करून दिला होता. चिखलाच्या हातानं लॅपटॉप कोण उघडणार? तो विषय तिथंच संपला.

ॲपची बाजू आधी, कारण ती खरोखर भक्कम आहे. मेथी एकदम पेरली की एकदम येते, चार दिवस घरात मेथीच मेथी आणि मग महिनाभर काही नाही. दर दहा-बारा दिवसांनी एक छोटा वाफा टाकायचा हे सगळ्यांना कळतं, पण तिसऱ्या वाफ्याला आपण विसरतो. ॲप विसरत नाही. टोमॅटोचं रोप पंचवीस दिवसांचं झालं, आता लावा, हेही वेळेवर सांगतं. कुठल्या पिशवीत कुठलं बी आहे, पाकिटावरची मुदत कधी संपते, सगळं फोटोसकट. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात तर माझी तक्रार जवळपास नाहीच. हवा एकसारखी असते, पालक-मुळ्याचे दिवस दोन-चारच्या फरकानं बरोबर येतात. भेंडीचं तेवढं चुकतं. पाकिटावर पंचेचाळीस दिवस असतात, डिसेंबरात माझ्याकडं दोन महिने लागले. झाड ऊब मोजतं, ॲप दिवस मोजतं, एवढाच त्याचा अर्थ.

सुरुवातीला एक गंमत झाली होती. पहिल्याच दिवशी ॲपनं विचारलं, तुमच्याकडं गोठवणाऱ्या थंडीची शेवटची रात्र कोणती? आपल्याकडं पारा बारा-तेरावर आला तरी माणसं माकडटोपी बाहेर काढतात. मी काहीतरी उत्तर द्यायचं म्हणून १ जानेवारी टाकलं, आणि त्या हिशेबानं त्यानं मला मार्चमध्ये कोथिंबीर पेरायला लावली. एप्रिलात बोटभर देठावर फुलोरा. पण हे मी मनावर घेतलं नाही. तारखा हातानं बदलता येतात, आणि बदलल्याही.

आता कॅलेंडर. पावसाची नक्षत्रं ही सूर्याची असतात, म्हणजे सूर्य कुठल्या नक्षत्रात आहे त्यावरून ठरतात, त्यामुळं त्यांच्या तारखा फारशा हलत नाहीत. मृग दरवर्षी ७-८ जूनला लागतो, आर्द्रा २१-२२ जूनला, पुढं प्रत्येक नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचं. परसबागेला हे माप फार सोयीचं पडतं, महिना फार मोठा आणि आठवडा फार लहान असतो. आमच्याकडं मृगात दोडका, कारलं, भेंडी, गवार टोचतात. जुलैतल्या तरण्या आणि म्हाताऱ्या पावसात, म्हणजे पुनर्वसू-पुष्यात, उघड्यावर काही पेरायचं नाही. बी वाहून जातं, उगवलंच तर मेथी कुजते. २०२१ चा महापूर पुष्यातच आला आणि २०१९ चा त्याच्या पाठच्या आश्लेषात, एवढं आठवलं तरी पुरे. उत्तरा-हस्तात कोबी, फ्लॉवर, टोमॅटोची रोपं, स्वातीच्या आसपास लसूण आणि वाटाणा. नक्षत्राचं वाहन बेडूक आहे की कोल्हा, यावरून पाऊस किती पडणार हे मात्र मी बघत नाही. आई बघते. मृग कोरडा जाणार असं दिसलं तर मी बी पुड्यातच ठेवतो आणि हवामान खात्याचा मंगळवार-शुक्रवारचा कृषी सल्ला वाचतो.

इथपर्यंत दोघांची बरोबरी म्हणा. माझा तराजू ज्यानं झुकवला ती गोष्ट तशी क्षुल्लक आहे, ती म्हणजे शेपू.

आमच्यात गौरी घरात आल्या की पहिल्या दिवशी शेपूची भाजी आणि भाकरीचा नैवेद्य असतो. तो शेपू घरचा असावा ही आईची हौस. पावसाळी हवेत माझ्याकडं शेपू काढायला चाळीस दिवस लागतात. २०२४ मध्ये गौरी १० सप्टेंबरला आल्या. १ ऑगस्टला क्रेटमध्ये शेपू पेरला होता, बरोबर हाताला आला, आई खूश. ॲपमध्ये एक बटण असतं, मागच्या वर्षीचा आराखडा पुढं चालवा. मी ते दाबलं.

२०२५ मध्ये गौरी ३१ ऑगस्टला आल्या. त्याच्या दोन वर्षं आधी, २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, तेव्हा २१ सप्टेंबरला होत्या. म्हणजे तीन वर्षांत तीन आठवड्यांची सरकासरक. ॲपनं इमानदारीत १ ऑगस्टला 'आज शेपू पेरा' म्हणून सांगितलं, मी पेरला. गौरीच्या दिवशी क्रेटमध्ये चार बोटं उंचीची हिरवी लव होती. सकाळी कपिलतीर्थ मार्केटमधून जुडी आणली. आई काही बोलली नाही, नुसतं क्रेटकडं बघितलं. खरं खटकलं ते पुढंच. इराणी खणीत गणपतींचं विसर्जन होऊन चार दिवस झाले आणि १० सप्टेंबरला सकाळी मोबाइल वाजला: 'आज शेपू काढा.'

चूक माझीच होती, हे कबूल. तारीख बघायला हवी होती. पण बघायची कुठं, तर भिंतीवर. मग मी ॲपमध्ये उलटा हिशेब बसवायचा प्रयत्न केला. अमुक दिवशी भाजी ताटात हवी, तर बी कधी टाकू? आणि तो दिवस तिथीनं ठरतो. माझ्या ॲपमध्ये असं काही जमलं नाही. एखाद्यात जमत असेलही.

एकदा हे डोक्यात आल्यावर लक्षात आलं की आमच्या घरातल्या निम्म्या भाज्या तिथीवर चालतात. आई आषाढी एकादशीपासून चंपाषष्ठीपर्यंत वांगं खात नाही, आणि ॲपच्या आराखड्यानुसार माझी वांगी नेमकी श्रावणात लगडलेली. शेजारच्या वहिनींना पिशव्या भरून दिल्या, शेवटी त्याही "आता बास हं" म्हणाल्या. पितृपंधरवड्यात गवार, कारलं, भोपळा, अळू एकदम लागतं आणि त्याच दिवसांत बाजारात भाव चढलेले असतात. भोगीचं तेवढं ॲपला जमतं, कारण ती संक्रांतीच्या आदल्या दिवशी, म्हणजे सूर्याच्या हिशेबानं येते आणि जानेवारीतली तिची जागा सोडत नाही. पावटा, घेवडा, गाजर भोगीला तयार ठेवण्यात ॲपनं मला दोन्ही वर्षं साथ दिली, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

कॅलेंडरच्या एकाच पानावर पाऊसही असतो आणि सणही. ३१ ऑगस्टपासून चाळीस दिवस मागं मोजले तर २२ जुलै येते, आणि तिथं पुष्य चालू असतं. म्हणजे त्या वर्षी शेपू पेरायचा होता तो भर म्हाताऱ्या पावसात, पोर्चच्या पत्र्याखाली, क्रेट आत सरकवून. पान समोर असतं तर दोन्ही गोष्टी एका नजरेत दिसल्या असत्या. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, गणपतीच १४ सप्टेंबरला, तेव्हा शेपू ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. हे मला पेन घेऊन दोन मिनिटांत कळलं.

कॅलेंडरची गैरसोय लपवत नाही. ते वाजत नाही. चौकटीत आधीच दुधाचा हिशेब असतो. जानेवारीत जुनं कॅलेंडर रद्दीत जातं आणि त्याबरोबर वर्षभराच्या नोंदीही, म्हणून आता जुनी कॅलेंडरं कपड्याच्या चिमट्यात धरून दारामागं टांगतो. बाग गच्चीवरच्या वीस पिशव्यांची असेल, घरात सणाच्या ताटाचा आग्रह नसेल, मेथी-पालक-टोमॅटो एवढंच हवं असेल, तर ॲप घ्या, बिनधास्त घ्या. मीही मेथीच्या वाफ्यांसाठी ते ठेवलंच आहे. पण घरात आई किंवा सासूबाई असतील आणि "गौरीला घरचा शेपू" असं कुणी म्हणत असेल, तर मी खिळा ठोकून कॅलेंडर लावीन म्हणतो.

मित्राला हेच सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे दोन्ही वापर म्हणतोस." तसं म्हटलं तरी चालेल. फक्त यंदा शेपूच्या चौकटीत बायकोनं आधीच सिलिंडरचा नंबर लावल्याचं लिहून ठेवलंय, त्यामुळं मला कोपऱ्यात बारीक अक्षरात नुसतं 'शे' लिहावं लागलंय.