फ्रीझर वर असावा की खाली?

नवा फ्रिज घ्यायचा ठरला की घरातली चर्चा लिटर आणि वीजबचतीच्या ताऱ्यांपाशीच घुटमळते. फ्रीझर वर हवा की खाली, हा प्रश्न बहुधा दुकानात उभे राहिल्यावरच सुचतो आणि किंमत ऐकून तिथेच मागे पडतो. आमच्याकडे चौदा वर्षे वर फ्रीझर असलेला दोन दारांचा फ्रिज होता आणि गेली तीन वर्षे खाली फ्रीझर असलेला आहे, म्हणून दोन्हींच्या वापरातून जे जाणवले ते लिहितो.

थंडाव्यात मला फरक आढळला नाही. दोन्ही फ्रॉस्ट फ्री, म्हणजे आत बर्फाचा थर साचू न देणारे असल्याने पंख्याची कोरडी हवा दोन्हींत खेळते, आणि उघडी ठेवलेली कोथिंबीर दोन्हींत सारखीच मान टाकते. ती निवडून फडक्यात गुंडाळून ठेवणे काही चुकत नाही.

खरा प्रश्न वाकण्याचा आहे. फ्रीझर वर असला की भाजीचा खण तळाशी, पोटरीच्या उंचीवर जातो. मिरच्या, कढीपत्ता, आले, लिंबू, टोमॅटो असे फोडणीच्या आसपास लागणारे सगळे त्या खणात असते. सकाळच्या स्वयंपाकात तो पाच-सहा वेळा उघडला जातो; फ्रीझर मात्र मटारासाठी किंवा खवलेल्या नारळासाठी दिवसातून एखाद्या वेळी. त्यातच आमचा फ्रिज कोपऱ्यात असल्यामुळे दार काटकोनापलीकडे उघडत नसे, खण दाराच्या कप्प्यांना अडून अर्धाच बाहेर येई आणि मागे गेलेले लिंबू चाचपडत शोधावे लागे. आईचे गुडघे दुखू लागल्यावर तिने फ्रिजशेजारी एक पाट आणून ठेवला. कढईत तेल तापत असताना ती पाटावर टेकून दोन मिरच्या काढते आणि ओट्याला धरून उठते, हे पाहिले तेव्हा पुढचा फ्रिज कोणता घ्यायचा हे माझ्यापुरते ठरले.

आता तोच खण तिच्या कमरेशी येतो आणि तिला उभ्या उभ्या भाजी काढता येते. सायीचे पातेले आणि विरजणाचे भांडेही समोरच दिसत असल्याने विसरून आंबत नाही.

खालच्या फ्रीझरच्या अडचणीही आहेत. बर्फाचा ट्रे पाण्याने भरून वाकून आत सरकवताना पाणी सांडते. फ्रीझरच्या खणात एकावर एक ठेवलेल्या पिशव्यांतली तळची पिशवी महिनोन्‌महिने तशीच राहते. तेवढ्याच क्षमतेला पैसेही जास्त मोजावे लागतात आणि लहान आकारात निवडीला फारसा वाव नसतो. ज्या घरी मासळी आणून साठवतात, किंवा लहान मुलांमुळे बर्फ आणि आइस्क्रीमसाठी फ्रीझर सतत उघडतो, त्यांना वरचाच फ्रीझर अधिक सोयीचा पडेल, असे मला प्रामाणिकपणे वाटते. ज्यांचा स्वयंपाक रोजच्या ताज्या भाजीवर चालतो आणि ज्यांच्या घरी वयस्कर माणूस ओट्यापाशी उभे राहते, त्यांनी मात्र जास्तीच्या पैशांकडे पाहून खालचा फ्रीझर लगेच बाजूला सारू नये.

कोणताही घेतलात तरी दुकानात दार काटकोनात धरून भाजीचा खण पूर्ण बाहेर येतो का, हे स्वतः ओढून पाहावे. शक्य असल्यास घरी जो स्वयंपाक करतो त्यालाच ते करायला सांगावे.