नातवंडं गावी येतायत, बंदूक कुठे ठेवायची?

शेती-संरक्षणाच्या परवान्यावरची बंदूक कोकणात अजून बऱ्याच घरांत आहे. वर्षाचे अकरा महिने घरात म्हातारा-म्हातारी दोघंच, तेव्हा ती कोणत्या कोपऱ्यात टेकवली यावाचून कुणाचं काही अडत नाही. मग चतुर्थी येते आणि मुंबईची पोरं घरभर सुटतात.

गेल्या वर्षी माझ्याकडे सहा होती, सगळ्यात धाकटा पाच वर्षांचा. दुपारी पडवीत तो एकटाच बसून काहीतरी टोकरत होता. जवळ जाऊन बघतो तर बारा बोअरचं लाल काडतूस. त्याच्या पितळी बुडातला मधला गोल ठिपका तो नखाने दाबून बघत होता. मला म्हणतो, ‘‘आजोबा, हे बटण दाबलंच जात नाही.’’ काडतूस माझ्याच खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशातलं. बंदूक कपाटात, कपाटाला कुलूप, आणि हे बाहेर! तेव्हापासून शेजारपाजाऱ्यांच्या सोयी बघत, विचारत आलो. त्यातलं काय चालतं नि काय नाही, ते सांगतो.

आधी तुमच्याकडे कोणती बंदूक आहे ते बघा. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये शेती-संरक्षणासाठी मुळात ठासणीचीच, म्हणजे तोंडातून दारू ठासून भरायची बंदूक धरली आहे. तिने भागणार नाही असं पटलं तर गुळगुळीत नळीची दुसरी देता येते. म्हणून कुणाकडे ठासणीची असते, कुणाकडे मोडून उघडणारी, काडतूस घालायची बारा बोअर, एकनळी किंवा दुनळी. लहान मुलांच्या बाबतीत या दोन जातींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

बारा बोअर उघडली की नळीतून आरपार उजेड दिसतो. रिकामी आहे की नाही याची खात्री दोन सेकंदांत. ठासणीचं तसं नाही. बार भरलाय की नाही हे वरून कळतच नाही. ठासायचा गज नळीत सोडायचा, तोंडाशी अंगठा धरायचा, बाहेर काढून नळीच्या बाहेरून लावून बघायचा; नळीच्या बुडापेक्षा चार बोटं कमी गेला तर आत बार आहे. त्यात आपल्याकडची खोड म्हणजे वानरांसाठी भरलेला बार उडाला नाही तर ‘‘उद्या लागेल’’ म्हणून बंदूक तशीच घरी आणणं, वरची कॅप, म्हणजे घोड्याच्या ठोक्याने बार पेटवणारी टोपी, तेवढी काढून ठेवणं. ती कॅप पोरांच्या दिवाळीतल्या टिकलीची सख्खी बहीण दिसते. तिची डबी सापडली तर पोर ती कुठे बसवून बघेल, हे वेगळं सांगायला नको. तेव्हा घरात पोरं असताना भरलेली ठासणी उंबऱ्याच्या आत आणायचीच नाही. बार मोकळ्या बाजूला सुरक्षित उडवून मगच घरी यायचं.

आता ठेवण्याच्या जागा. खुंटी आणि माळा यांच्यावर वेळ घालवत नाही. ‘‘एवढ्या उंच कोण चढतंय’’ हे म्हणणाऱ्याने सात वर्षांच्या पोराला फणसावर चढताना बघावं.

गोदरेजचं कपाट बहुतेकांना पुरेसं वाटतं. माझा त्यावर विश्वास नाही. कुलूप कच्चं असतं असं नाही. ते कपाट दिवसातून दहा वेळा उघडतं हे खरं कारण. सणाच्या दिवसांत त्यातच सोवळं, दागिने, पैसे. किल्ली कुणाच्या ना कुणाच्या कमरेला, नाहीतर कपाटालाच लटकलेली. आतल्या लॉकरमध्ये नळी मावत नाही, म्हणून ती साड्यांच्या मागे उभी.

वेल्डिंगवाल्याकडून बनवलेली अरुंद लोखंडी पेटी, भिंतीत बोल्ट मारून घट्ट केलेली, ही त्यापेक्षा कितीतरी बरी. तिच्यात दुसरं काही ठेवायचंच नाही, त्यामुळे ती उघडायचं कुणाला कारण पडत नाही. पावसाळ्यात आत दमटपणा धरतो. तेलाचा बोळा फिरवावा आणि सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात, नाहीतर गंज चढतो आणि मग माणूस पुन्हा ती बाहेर कोरड्यात ठेवायला लागतो. ठासणीवाल्यांना माझ्या मते ही पेटीच योग्य. कॅप आणि दारू मात्र त्या पेटीत नको. त्यांना वेगळं कुलूप, चुलीपासून लांब.

पेटीचा खर्च नको असेल आणि बंदूक मोडणारी असेल, तर केबलचं कुलूप. नळीच्या मागून घालून तोंडातून बाहेर काढायचं आणि अडकवायचं. बंदूक मिटतच नाही, मग उडायचा प्रश्न नाही. चापावर बसणारं कुलूप मला तितकं पटत नाही. आत काडतूस राहिलं असेल आणि ते बसवताना चाप हलला तर संपलं.

पण बारा बोअरवाल्यांच्या हातात याहून चांगली सोय आहे आणि ती फुकट आहे. बंदुकीचे तुकडे करा. खालचं लाकूड काढलं की नळी आणि दस्ता वेगळे होतात. नळी एका कुलपात, दस्ता दुसऱ्या खोलीतल्या कुलपात, काडतुसं तिसरीकडे. तिन्ही किल्ल्या एका जुडग्यात नकोत. मी आता हेच करतो. तुकडे शेजाऱ्याकडे मात्र ठेवायचे नाहीत; कायद्याच्या दृष्टीने बंदुकीचा भाग हीसुद्धा बंदूकच.

‘‘पण वानर आला तर जोडत बसायचं का?’’ असं मला विचारलं गेलं. हो, बसायचं. त्या आठ दिवसांत चार नारळ गेले तर जाऊ देत, फटाके लावा.

‘‘आमच्या पोरांना सांगून ठेवलंय, हात लावणार नाहीत’’ हा युक्तिवाद सगळ्यात जास्त ऐकला. अमेरिकेत २००१ साली छापलेल्या एका अभ्यासात ८ ते १२ वर्षांच्या मुलांचे छोटे गट एका खोलीत सोडले होते. ड्रॉवरमध्ये खरं, रिकामं पिस्तूल. ते सापडलेल्या २१ गटांपैकी १६ गटांनी हातात घेतलं, १० गटांत कुणी ना कुणी चाप ओढला. हाताळणाऱ्यांपैकी बहुतेकांना आधी बंदुकीबद्दल समज दिलेली होती. सांगावं जरूर, पण कुलपाऐवजी नाही.

राहिला पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे बंदूक जमा करण्याचा पर्याय. सुरक्षिततेत याला तोड नाही. त्रास मात्र आहे: हेलपाटा, अर्ज, आणि बंदूक परत घेताना पुन्हा तेच. निवडणुकीच्या आचारसंहितेत ज्यांनी जमा केली आहे त्यांना हा अनुभव आहे. घरी ठासणी आहे, पेटी नाही आणि पोरं महिनाभर राहणार आहेत, अशा घराला मी हाच पर्याय सुचवेन.

बागेत जाताना बंदूक बरोबर असेल तर पोर बरोबर नाही, आणि पोर असेल तर बंदूक नाही. यात मधला मार्ग मला सापडलेला नाही. नातू मागे लागलाच तर मी दुर्बीण घेऊन त्याच्याबरोबर जातो. एकटा गेलो तर बारा बोअर मोडलेल्या स्थितीत हातावर टाकून, काडतुसं कमरेच्या पट्ट्यात; बंदूक जागेवर पोचल्यावरच मिटते. परतताना कुंपणाच्या आत येण्याआधी पुन्हा उघडायची. घरात शिरल्यावर चहा नंतर. आधी तुकडे, कुलपं आणि पट्ट्यातली काडतुसं मोजून. पाच नेली, दोन उडाली, तर तीन डब्यात गेलीच पाहिजेत. आणि हो, सदऱ्याचे खिसे.