जुन्या गाडीसाठी सिलिकॉनच्या प्लग वायरी: टकटक थांबली, पण कॅप बदलावी लागली

माझ्या चार सिलिंडरच्या जुन्या गाडीत तांब्याच्या गाभ्याच्या प्लग वायरी, म्हणजे स्पार्क प्लगपर्यंत ठिणगीची वीज नेणाऱ्या तारा, होत्या. इंजिन सुरू झाले की रेडिओच्या मीडियम वेव्हवर टकटक ऐकू येई आणि ॲक्सिलरेटर दाबताच ती जलद होई. शिट्टीसारखा आवाज असता तर मी आधी डायनॅमो तपासला असता. ही टकटक मात्र ठिणग्यांची होती. ठिणगी पडताना प्रवाह एकदम उसळतो, त्यातून रेडिओलहरी निघतात आणि तांब्याच्या गाभ्याची वायर त्यांची अँटेना बनते.

म्हणून मी 8 मिलिमीटर जाडीचा, सिलिकॉनच्या आवरणाचा आणि आत बारीक तारेचे वेटोळे असलेला संच घेतला. कार्बनच्या गाभ्याची वायरही खरखर रोखते, पण ओढाताणीत तिचा गाभा आतल्या आत तुटतो. वेटोळ्याचा रोध कमी असूनही ते उच्च वारंवारितेला अडवते, त्यामुळे ठिणगी दुबळी होत नाही. आवरण मऊ असून वायरीच्या टोकांची टोपणे, म्हणजे बूट, प्लगवर घट्ट बसतात.

खरी अडचण डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीपाळीने वीज वाटणाऱ्या भागाच्या, कॅपपाशी आली. माझ्या कॅपमध्ये वायर आत सारून बाजूने टोकदार स्क्रू आवळण्याची जुनी रचना होती. तांब्याच्या जाड गाभ्यात असा स्क्रू सहज रुततो, पण येथे तो वेटोळ्याला नीट भिडलाच नाही; गाडी मिसिंग करू लागली (मधूनच एखाद्या सिलिंडरची ठिणगी चुकू लागली), रेडिओवरची टकटक आणखी वाढली आणि अंधारात बॉनेट उघडल्यावर कॅपच्या तोंडाशी निळसर ठिणगी नाचताना दिसली. संचासोबतच्या माहितीपत्रकात याविषयी एक अक्षरही नव्हते, ही मला गंभीर उणीव वाटते. त्याच डिस्ट्रिब्युटरची, वरून वायर खोचायची कॅप बसवल्यावर इंजिन लगेच सुरळीत झाले.

वायरी एकेक करूनच बदलाव्यात आणि काढताना वायर न ओढता बूट धरावा. माझ्या इंजिनाचा फायरिंग क्रम, म्हणजे सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा क्रम, 1-3-4-2 आहे; म्हणजे शेजारचे तिसरे आणि चौथे सिलिंडर लागोपाठ पेटतात. तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरच्या वायरी लांबवर समांतर नेल्यास एकीतला विद्युतदाब दुसरीत उतरू शकतो, म्हणून क्लिप लावून मी त्या वेगळ्या ठेवल्या.

आता मीडियम वेव्हवरची दूरची केंद्रेही स्वच्छ लागतात. खोचायची कॅप असेल तर हा संच अवश्य घ्यावा. स्क्रूची मूळ कॅपच जपायची असल्यास मात्र तांब्याच्या वायरी ठेवून प्रत्येक प्लगवर 5,000 ओहम रोधाची टोपी बसवणे अधिक योग्य.