‘नोबेल प्राइज कॉन्व्हर्सेशन्स’: घोषणेनंतरच्या सविस्तर गप्पा

नोबेल पारितोषिकांच्या बातम्या आपल्याकडे ऑक्टोबरमध्ये आठवडाभर गाजतात आणि मग विजेत्याचे नाव, देश आणि संशोधनाचे दोन ओळींतले वर्णन एवढेच आपल्या लक्षात राहते. हा माणूस कोणाच्या हाताखाली शिकला, अडला तेव्हा त्याने काय केले, त्याला कामाचा आनंद नेमका कशात मिळतो, हे ज्यांना जाणून घ्यायचे आहे त्यांनी ‘नोबेल प्राइज कॉन्व्हर्सेशन्स’ हा इंग्रजी पॉडकास्ट जरूर ऐकावा. तो विनामूल्य उपलब्ध आहे.

मुलाखतकार अ‍ॅडम स्मिथ हे या कार्यक्रमाचे खरे बळ आहे. घोषणेच्या दिवशी विजेत्यांना फोन करून त्यांची पहिली प्रतिक्रिया ध्वनिमुद्रित करणारे ते हेच गृहस्थ. नोबेलच्या संकेतस्थळावरील ती छोटी संभाषणे आधी ऐकावीत, असे मी आग्रहाने सुचवेन. 2019 मध्ये, पहाटे बातमी कळल्यावर आपण पुन्हा झोपी गेलो, असे अभिजित बॅनर्जी त्यांना अगदी सहजपणे सांगतात. (बॅनर्जी यांचा जन्म मुंबईचा आणि त्यांच्या आई, अर्थतज्ज्ञ निर्मला बॅनर्जी, माहेरच्या पाटणकर, त्यामुळे ते संभाषण ऐकताना मला विशेष जिव्हाळा वाटला.) 2020 मध्ये कवयित्री लुईझ ग्लिक यांना सकाळची कॉफी हवी असते आणि त्या दोनच मिनिटे देऊ करतात. 2021 मध्ये झांझिबारमध्ये जन्मलेले, केंट विद्यापीठात साहित्य शिकवलेले कादंबरीकार अब्दुलरझाक गुर्ना यांना तर आलेला फोन ही कोणीतरी केलेली थट्टाच वाटली होती. अशा अवघडलेल्या क्षणी स्मिथ घाई करत नाहीत, समोरच्याचे वाक्य स्वतः पूर्ण करत नाहीत, आणि हीच सबुरी पॉडकास्टमधल्या दीर्घ गप्पांत पुरेपूर उपयोगी पडते.

भौतिकशास्त्रज्ञ, वैद्यकातले संशोधक, अर्थतज्ज्ञ, लेखक आणि शांततेचे कार्यकर्ते या एकाच मालिकेत येतात, हे मला फार मोलाचे वाटते. पारितोषिक एकेकट्या नावाने जाहीर होत असले, तरी त्यामागे गुरू, विद्यार्थी आणि सहकारी यांचे देशोदेशी पसरलेले गोत असते. 2018 मध्ये डोना स्ट्रिकलंड आणि त्यांचे मार्गदर्शक जेरार मुरू यांना विभागून मिळालेले भौतिकशास्त्राचे अर्धे पारितोषिक ज्या कामासाठी होते, ते 1985 च्या, स्ट्रिकलंड यांच्या विद्यार्थिदशेतल्या शोधनिबंधात आहे. हे नाते समजून घेण्यासाठी निवांत गप्पांइतके योग्य माध्यम दुसरे नाही.

मात्र शोधामागचे गणित किंवा प्रयोगाचे बारकावे हवे असतील, तर विजेत्यांची नोबेल व्याख्याने ऐकणे श्रेयस्कर. पॉडकास्टचा भर माणसावर आहे. बोलण्याचा वेग संथ असल्याने मराठी माध्यमात शिकलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनाही तो झेपेल. सुरुवात एखाद्या लेखकाच्या भागापासून करावी आणि मगच आपल्या विषयाच्या शास्त्रज्ञाकडे वळावे.