खडूने 'ओके' लिहिलेलं हेड आणि माझे 36,600 रुपये

रोख 14,500 रुपये मोजून घेतलेलं जुनं सिलिंडर हेड (इंजिनचं वरचं झाकण) तडकलेलं निघालं. त्याच्यापायी इंजिन दोनदा खोलावं लागलं आणि एकूण 36,600 रुपये पाण्यात गेले. घरी हा पूर्ण आकडा अजून सांगितलेला नाही. जुन्या पार्टवाल्यांच्या गोष्टी गाडीवाल्यांना नव्याने सांगायची गरज नाही. पण मला हेड विकणारा हा दुकानदार तडा झाकून हेड विकतो, म्हणून लिहितोय.

माझी चार सिलिंडरची डिझेल पिकअप नागपुरातल्या कळमन्याच्या मार्केटमधून फळं वाहते. मे महिन्यात अमरावती रोडला, तळेगावच्या घाटात पाण्याचा पाइप फाटला, इंजिन तापलं आणि हेड गेलं. नव्या हेडचे 31,000 सांगितले. आंब्याचा सीझन, गाडीचा हप्ता डोक्यावर. अशा वेळी जुनं हेड कोणीही बघेल.

दुकानात हेड समोर ठेवलं तेव्हा त्यावर ताजा चंदेरी रंग होता. बोटाला लागला, थिनरचा वासही आला. "भाऊ, रनिंग गाडीचं काढेल हाय, टेस्ट करूनच ठेवतो मी," असं म्हणत त्याने हेडवर खडूने लिहिलेलं 'ओके' दाखवलं. व्हॉल्व्हवर काळा कार्बन जमलेला, पण दोन व्हॉल्व्ह सीटच्या (व्हॉल्व्ह टेकतो त्या कड्यांच्या) मधला पट्टा मात्र चकचकीत घासलेला. सगळं हेड काळं आणि नेमका तेवढाच भाग साफ! तडा जातो तोच तिथे. ते मी पाहिलं, विचारलंही. "तुमच्यासाठीच साफ केलं भाऊ." माझा मिस्त्री शेजारीच उभा होता, त्यालाही वावगं वाटलं नाही. मी गाडी चालवतो, मशीन शॉप चालवत नाही. विकणारा तोंडावर टेस्ट केलंय म्हणतो, तेव्हा ते खरं धरण्यात माझं काय चुकलं? तरी तो चकचकीत पट्टा रात्री डोळ्यांसमोर येतो आणि डोकं फिरतं.

फेसिंग (हेडचा तळ मशीनवर सपाट करणं) आणि व्हॉल्व्ह ग्राइंडिंगचे 3,200, गॅस्केट सेट 2,450, ऑइल-फिल्टर-कूलंट 4,150, मजुरी 5,500. गाडी सुरू झाली. थोड्याच दिवसांत रेडिएटरमध्ये बुडबुडे, वरचा पाइप दगडासारखा कडक, सायलेन्सरमधून पांढरा धूर. डिपस्टिक काढली तर ऑइल दुधाळ झालेलं. ऑइलमध्ये पाणी गेलं की बेअरिंगचं काय होतं ते सांगायला नको. त्याचे 6,800 वेगळे.

मग हेड एमआयडीसीत प्रेशर टेस्टला नेलं. पाण्याची सगळी तोंडं रबर लावलेल्या प्लेटांनी बंद करतात, आत हवा भरतात आणि हेड गरम पाण्यात बुडवतात. गरमच पाणी हवं, कारण थंड हेडमधला बारीक तडा मिटलेला राहतो. बुडबुड्यांची रांग थेट एका एक्झॉस्ट पोर्टमधून (धूर बाहेर पडायच्या तोंडातून) निघाली. तिथलं लांबी (पुट्टी) भरून घासलेलं ठिगळ गरम पाण्यात सुटलं. सीटच्या मधल्या पट्ट्यावर लाल डाय (तड्यात शिरणारा रंग) लावली, पुसली, तड्यातला रंग वर ओढणारा पांढरा डेव्हलपर मारला, आणि दोन मिनिटांत लाल रेघ वर आली. या टेस्टला 600 रुपये लागले. फेसिंगच्या आधी करायची असते, नंतर नाही! डाय बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) आणि ॲल्युमिनियमच्या दोन्ही हेडला चालते. चुंबक लावून लोखंडाच्या भुकटीने तडा शोधतात ती पद्धत फक्त बिडाला.

दुकानदार म्हणाला, "व्हॉल्व्हच्या मधली केसासारखी रेघ चालते." काही इंजिनांत कंपनी ठरावीक मर्यादेपर्यंत ती चालवून घेते, हे खरं. पण पाण्याच्या जॅकेटपर्यंत (हेडच्या आत पाणी फिरतं त्या वाटांपर्यंत) गेलेला तडा कोणत्याच इंजिनात चालत नाही, आणि हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

पोलीस ठाण्यात गेलो. आधी बसवून ठेवलं, मग "हा दिवाणी मामला आहे" म्हणून वाटेला लावलं. खोटं सांगून पैसे घेणं म्हणजे फसवणूक नाही? भारतीय न्याय संहितेचं कलम 318 कशासाठी आहे मग? तक्रारीची पोच मागितली तर "साहेब आल्यावर या". साहेब कधी येणार, कोणी सांगत नाही. दुसऱ्या एका कार्यालयात ऐकवलं, की गाडी धंद्याची आहे, तुम्ही ग्राहकच नाही. ही सरळ चुकीची माहिती. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये स्वच्छ लिहिलंय, की स्वयंरोजगाराने केवळ पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी कारणात धरत नाहीत. खुर्चीत बसून पगार घेणाऱ्याला एवढं माहीत नसावं? माझ्या जागी कायदा न वाचणारा कोणी असता तर तिथूनच घरी गेला असता, आणि अशांच्या जिवावरच असे दुकानदार माजतात.

आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज लिहितोय. 5 लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही, मुदत 2 वर्षं. अडचण बिलाची. त्याने साध्या चिठ्ठीवर 14,500 लिहून दिलेत, वर दुकानाचा शिक्काही नाही. तुम्ही बिलावर 'प्रेशर टेस्ट केलेलं, तडा निघाल्यास परत' एवढं लिहून घ्या. लिहायला नाही म्हणाला तर पैसे काढूच नका. रंग मारलेलं हेड रंग उतरवल्याशिवाय घेऊ नका.

परवा त्याचा फोन आला, "हेड आणून द्या, 5,000 परत करतो." मी देणार नाही. हेड हातचं गेलं की पुरावा गेला, आणि पुन्हा रंग लावून तेच हेड तो दुसऱ्या कोणाच्या गाडीला विकेल.