चित्र-शब्द कार्डांचा संच : ऊसतोड पोरांच्या वर्गात कितपत चालतो?

सांगली जिल्ह्यातल्या वाळवा-पलूसकडच्या शाळांत दिवाळीनंतर ऊसतोड मजुरांची पोरं येतात. त्यांतली काही घरी गोरमाटी (बंजारा समाजाची बोली) बोलतात. त्यांच्यासाठी संच कामाचा: पुढे चित्र, मागे मराठी शब्द, खाली कोरी ओळ. तिथं मुलालाच विचारून 'आई'खाली 'याडी', 'भाकरी'खाली 'बाटी' लिहायचं. एका वेळी पाचच कार्डं, जोडीत एक गावातलं मूल, एक नवं.

गोची लॅमिनेशनची. बॉलपेन घसरतं, पर्मनंट मार्करच लागतो. कडेला मोकळी पट्टी न ठेवता कापलंय, त्यामुळं ओल शिरून पापुद्रे सुटतात. आणि चित्रं कसली, तर सोफा, फ्रिज! कोयता, मोळी, कोपी (मजुरांची झोपडी) कुठाय? ती पुठ्ठ्यावर मुलांकडूनच काढून घ्या. पट्टा पडला, म्हणजे तोडीचा हंगाम संपला, की शिक्षण हमी कार्डासोबत (स्थलांतरित मुलाचं शिक्षण पुढच्या शाळेत चालू राहावं म्हणून देतात ते) ही कार्डंही दप्तरात द्या.